मे १९९८ आणि नागासाकीची मुलं

(पडद्यावर: नागासाकी, बाजारपेठेतला रस्ता)

शाळेच्या गणवेशातली मुलंमुली रस्त्याच्या कडेला ओळीने उभी आहेत. हातात पॅड, त्यावर सह्यांचा कागद. समोरून कुणी आलं की सगळी एका सुरात विनंती करतात आणि कमरेत वाकतात. बरेचजण थांबत नाहीत. एखाद्या आजी मात्र पिशवी खाली ठेवतात, चष्मा लावतात, कागद वरपासून खालपर्यंत वाचतात आणि मगच सही करतात.

कागदावरची मागणी एवढीच, की अण्वस्त्रं नष्ट व्हावीत आणि जगात शांतता नांदावी. आता कुणी म्हणेल, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी सह्या गोळा करून बॉम्ब नाहीसे होतात होय? मुलांना हा प्रश्न नवा नाही. त्यांचं घोषवाक्यच त्याला उत्तर आहे: आमची ताकद थोडी आहे, पण आम्ही हतबल नाही.

जपानमध्ये त्यांना हायस्कूल शांतिदूत म्हणतात. त्यांची गोष्ट सुरू होते ती मात्र आपल्याकडे, राजस्थानच्या वाळवंटात.

(पडद्यावर: पोकरणचा माळ)

११ मे १९९८, बुद्धपौर्णिमा. पोकरणला जमिनीखाली तीन अणुस्फोट झाले, १३ तारखेला आणखी दोन. गावोगाव पेढे वाटले गेले, फटाके वाजले. महिना सरायच्या आत, २८ आणि ३० मेला, पाकिस्ताननेही बलुचिस्तानात आपले स्फोट उरकले, आणि तिकडेही मिठाई वाटली गेली.

नागासाकीत या बातम्या वेगळ्या कानांनी ऐकल्या गेल्या. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी त्या शहरावर बॉम्ब पडला आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४ हजार माणसं गेली. जी वाचली, त्यांच्यातली कितीतरी १९९८ मध्ये तिथेच राहत होती, बाजारहाट करत होती, नातवंडं सांभाळत होती. शहरातल्या नागरी संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. दोन शाळकरी मुलांना आपले दूत म्हणून थेट न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात पाठवलं.

११ मे आपण राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन म्हणून पाळतो. त्याच स्फोटांमुळे दूर जपानमध्ये मुलांची एक चळवळ उभी राहिली, हे आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. असायला हवं होतं, असं आम्हाला वाटतं.

पुढे २००१ मध्ये सह्यांची मोहीम सुरू झाली. नाव दहा हजार सह्यांचं, पण आजवरची बेरीज वीस लाखांच्या पुढे गेलीय. सोबत दहा हजार पेन्सिलींचीही एक मोहीम आहे. मुलं पेन्सिली जमवतात आणि आशियातल्या गरीब घरांतल्या मुलांना पाठवतात. शांततेच्या गप्पांपेक्षा ही पेन्सिल आम्हाला जास्त पटली.

(पडद्यावर: जिनिव्हा, पॅले दे नासियाँ)

निवडले गेलेले शांतिदूत आता नागासाकीपुरते राहिले नाहीत. हिरोशिमाची, फुकुशिमाची मुलंही त्यांत असतात. सह्यांचे गठ्ठे घेऊन ती जिनिव्हाला येतात, संयुक्त राष्ट्रांच्या या इमारतीत. बाहेरच्या बागेत मोर फिरतात. आत एक दालन आहे, स्पॅनिश चित्रकार होसे मारिया सेर्त यांनी १९३० च्या दशकात रंगवलेलं. भिंतीभर सोनेरी आणि तपकिरी रंगातली धिप्पाड माणसं. मान वर केली की छतावर पाच प्रचंड हात एकमेकांत गुंतलेले दिसतात. पाच खंडांचे हात.

शस्त्रास्त्रं कमी करण्याचे करार जिथे घडवायचे, त्या निःशस्त्रीकरण परिषदेच्या बैठका या दालनात होत आल्या आहेत. सदस्य देश ६५, आणि कारभार एकमताने. म्हणजे ६४ हो म्हणाले आणि एक नाही म्हणाला, तर गाडी जागच्या जागी. १९९६ मध्ये अणुचाचणीबंदी कराराच्या मसुद्याला या परिषदेत संमती नाकारली ती भारताने. आपल्या राजदूत होत्या अरुंधती घोष. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांचे राहणार आणि बाकीच्यांचेच हात बांधणार, हा करार असमान आहे, ही भारताची भूमिका होती. तिच्यात तथ्य होतं, हे मान्य करायला हवं. करार मग न्यूयॉर्कला आमसभेत नेऊन मंजूर करून घ्यावा लागला. त्यानंतर या परिषदेतून एकही नवा करार बाहेर पडलेला नाही.

अशा सभागृहात २०१४ पासून सलग तीन वर्षं दरवर्षी एका शांतिदूताने भाषण केलं, जपानच्या शिष्टमंडळात बसून. २०१७ मध्ये मात्र एका सदस्य देशाने हरकत घेतली. भाषण झालं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं बारावं कलम सांगतं, की आपल्या आयुष्याशी संबंध असलेल्या गोष्टीत मुलांना मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला वजन दिलं गेलं पाहिजे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने आणखी पुढे जाऊन लिहिलं, की अण्वस्त्रांची धमकी किंवा वापर जगण्याच्या हक्काशी विसंगत आहे. अणुबॉम्ब हा लष्कराचा विषय, त्यात पोरांचं काय काम, असं म्हणणाऱ्यांनी ही दोन्ही विधानं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

घाई मुलांना आहे, त्याला कारणही आहे. मार्च २०२५ मध्ये जपानमधल्या नोंदणीकृत अणुबॉम्बग्रस्तांची संख्या पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आली. त्यांचं सरासरी वय ८६ च्या पुढे आहे. जे स्वतः सांगू शकतात, त्यांच्याकडून ऐकून घ्यायला फार वर्षं उरलेली नाहीत.

(पडद्यावर: तोक्यो, सरकारी कचेऱ्यांचा परिसर)

एक गाठ मात्र सुटत नाही. २०१३ पासून जपानचं परराष्ट्र खातं या शांतिदूतांना अधिकृत युवा प्रतिनिधी म्हणून मान्यता देतं. कशासाठी, तर अण्वस्त्रमुक्त जगाचा प्रचार करण्यासाठी. आणि २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदीचा जो करार झाला, २०२१ मध्ये जो लागूही झाला, त्यावर जपानने सही केलेली नाही. अमेरिकेच्या अणुछत्राखाली, म्हणजे तिच्या अण्वस्त्रांच्या संरक्षणाच्या भरवशावर, राहणाऱ्या देशाला ती परवडत नाही. भारतानेही केलेली नाही, पाकिस्ताननेही नाही. मुलांच्या हातातला तो कागद दिल्ली आणि इस्लामाबादइतकाच तोक्योलाही अडचणीचा आहे.