तीन हजार विड्यांचं गणित

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय हुशार मुलांबद्दल. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या हुशार मुलांबद्दल. पण आधी एका मुलीची गोष्ट ऐका.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी आठवीला गणित शिकवायची. फळ्यावर काळ-कामाचं उदाहरण होतं. एक जण एक काम १० दिवसांत करतो, दुसरा १५ दिवसांत. दोघं मिळून किती दिवसांत करतील? मी अपूर्णांक मांडायला घेतले, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "बाई, सहा."

"कसं गं?"

ती उभी राहिली. "तीन हजार विड्या धरायच्या. आई रोज तीनशे वळते, तिला दहा दिवस. मी दोनशे वळते, मला पंधरा. दोघी बसलो की रोज पाचशे. झाले सहा दिवस."

सूत्र नाही, अपूर्णांक नाही. दहा आणि पंधरा दोन्हींनी भाग जाणारा आकडा तिनं सुपात पान-तंबाखू घेऊन बसल्या बसल्या शोधला होता! मी शाबासकी देणार, तर ती बसेचना. "पण बाई, कारखान्यात शंभराला पाच विड्या खराब म्हणून बाजूला काढतात. मग सातवा दिवस लागतोच की. पुस्तकात ते का धरत नाहीत?"

घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड. तीन भाषा बोलणाऱ्या पोरीला आपण 'इंग्रजी कच्चं' म्हणून मागं बसवतो, याचा मला फार राग येतो. आणि पावकी-निमकीचे पाढे पाठ करून घेणं आपण उगाच सोडलं, हेही सांगून ठेवते. तोंडी हिशेबानं डोकं तयार होतं. असो.

तर तिचा प्रश्न. वर्गात निम्म्या मुलांना भागाकार यायचा नाही, तास संपत आलेला. मी म्हटलं, "बस, नंतर बघू." ते नंतर कधी आलंच नाही. याची रुखरुख मला आजही आहे.

पुढं ती आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेला बसली. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिच्या आईची दोन दिवसांची मजुरी बुडाली. पण पोरगी पास झाली. २००८ साली सुरू झालेली ही केंद्राची शिष्यवृत्ती. नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. त्या पैशांनी तिची शाळा सुटली नाही, हे खरंच. पण त्या चार वर्षांत तिला तिच्या तोलाचं गणित कुणी शिकवलं? कुणीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, पुन्हा सांगते. परीक्षा हुशार मूल शोधते. शोधल्यावर त्याला शिकवायचं कुणी, कोणत्या तासाला, कुठल्या पैशातून? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांना जादा शिकवावं, शिक्षकांनाही त्याचं प्रशिक्षण द्यावं, असं लिहिलंय. शाळेत मात्र त्यासाठी वेगळा तास नाही, वेगळा शिक्षक नाही. मोहोळ तालुक्यात पोखरापूरला नवोदय विद्यालय आहे, चांगलं आहे. पण सहावीला जागा फारतर ८०, अख्ख्या जिल्ह्यासाठी! एनटीएस, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, १९६३ साली सुरू झाली, पुढं ती दहावीला घेत, तीही २०२१ नंतर थांबली. चार-पाच शाळांनी मिळून शनिवारी दोन तास घ्यावेत, शिकवणाऱ्याला मानधन द्यावं, मुलांना रिक्षाभाडं द्यावं. एवढ्यासाठी तरी अंदाजपत्रकात एक ओळ हवी. ती मागायला पालकांनी नगरसेवकाच्या दारात जावं. रस्त्यासाठी जातो, गटारीसाठी जातो, मग यासाठी का नाही?

आणि तोवर, आठवीतलं मूल घरात असेल तर एनएमएमएसच्या अटी लिहून घ्या. शाळा सरकारी, महापालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित हवी. सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५० चालतात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. पुन्हा सांगते, साडेतीन लाखांच्या आत. अर्ज शाळेतूनच भरतात. उद्याच मुख्याध्यापकांना भेटा, आणि दाखल्याचं काम आधी उरका.