फझ फेसची नक्कल आणि नागपूरचा मे महिना

मंडळी, जाहीर केलेला विषय आहे ‘जुना फझ फेस घरी कसा बनवावा’. समोर निम्मे गिटारवाले आणि निम्मे सोल्डरवाले दिसतायत, बोटांवरच्या खुणाच सांगतात. त्यामुळे फझ म्हणजे काय इथून सुरुवात करत नाही; गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा पायाखालचा डबा, म्हणजे पेडल, एवढं पुरे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुन्या पेडलची नक्कल करायची असेल तर पार्टांचे नंबर जुळवत बसू नका, आतले व्होल्ट जुळवा. आणि ते नागपूरच्या हवेत जुळवा.

हा डबा १९६६ साली लंडनमध्ये आयव्हर आर्बिटर यांच्या कंपनीने काढला. गोल आकार सुचला तो माइकच्या स्टँडच्या बुडावरून. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (फिरवायचे कंट्रोल) आणि नऊ व्होल्टची बॅटरी, बस. एवढ्याशा सामानावर जिमी हेन्ड्रिक्सने काय काय केलं ते तुम्हाला मी कशाला सांगू!

मुळात हा आवाजच बिघाडातून आलाय. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलला गायक मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक चॅनल खराब झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बेसचा आवाज फाटला. तो फाटलेला आवाज रेकॉर्डवर तसाच राहिला. पुढे त्या रेकॉर्डिंगचे इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी मुद्दाम तसा आवाज काढणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने ते मॅस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणलं.

आता माझी तक्रार. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये एनकेटी२७५ नावाचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असायचे, म्हणजे आजच्या सिलिकॉनच्या आधीचे, जुन्या जातीचे. या नंबरापायी पोरं वेडी होतात आणि विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे. आमच्याकडे गिटार वाजवायला येणाऱ्या एका मुलाने महिनोन्‌महिने पैसे साठवून ऑनलाइन अशी जोडी मागवली. जोडी आली छान कापसात गुंडाळून, वर पांढरा छापील नंबर. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: बेस, एमिटर आणि कलेक्टर. मी मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावून बेस आणि एमिटरला टोकं टेकवली. जर्मेनियम असता तर ०.२-०.३ व्होल्ट दाखवायला हवं होतं. काटेकोर ०.६५ आलं. म्हणजे सरळ सिलिकॉन! कापूस थिनरमध्ये बुडवून डबीवरून फिरवला तर एनकेटी निघून गेलं आणि खालचा दुसराच नंबर वर आला. त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता. विकणाऱ्याला लिहिलं, त्याने उत्तरसुद्धा दिलं नाही. याला मी चोरीच म्हणतो. कोणाच्या हौसेवर असा धंदा करू नये.

आणि गरज तरी काय? आपल्या बीईएलने, म्हणजे सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्सने, १९६२ पासून बंगळूरला जर्मेनियमचं काम केलंय. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या आउटपुटला एसी१२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर सापडतो. खुद्द फझ फेसमध्येही एसी१२८ लागलेले आहेत. इतवारीतल्या कबाड्याकडे मेलेला रेडिओ दिसला तर आधी मागचं झाकण उघडून बघा. बर्डीच्या दुकानात मात्र हा पार्ट मागितलात तर दुकानदार तुमच्याकडे प्रेमाने बघेल आणि चहा पाजून परत पाठवेल.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीये, पाच मिनिटं. बरं, आता भराभर सांगतो.

जर्मेनियम गळतो. बेस मोकळा ठेवला तरी करंट वाहतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. म्हणजे २५ अंशांवर जुळवलेला पेडल नवतप्यात ४५ ला नेला की गळती चौपट. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट हवेत. ते जागेवरून सरकले की सूर फुरफुरतो आणि मध्येच तुटतो. आपण दोष देतो पार्टाला.

मोजायचं असं. ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचा आहे, म्हणजे त्याला बॅटरी नेहमीच्या एनपीएनच्या उलट लागते, तेव्हा एमिटर बॅटरीच्या धनाला आणि कलेक्टर २.४ किलोओहममधून ऋणाला. बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरचे व्होल्ट लिहून घ्या, ती गळती. मग बेस २.२ मेगओहममधून ऋणाला जोडा, पुन्हा मोजा, आणि पहिला आकडा वजा करा. उरलेला एक व्होल्ट म्हणजे गेन, करंट किती पट वाढतो तो आकडा, सुमारे १००. पहिल्या जागी ७०-८० चा लावा, दुसऱ्या जागी १००-१२० चा. मीटरवरचा एचएफई, म्हणजे गेनचा आकडा, बघून फसू नका, तो गळतीही गेनमध्येच मोजतो.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरच्या ८.२ किलोओहमच्या जागी २० किलोचा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) टाका आणि तो फिरवायला झाकणाला भोक पाडा. मे महिन्यात दुपारी कुलर बंद करून कलेक्टर साडेचार व्होल्टवर आणा, डिसेंबरात पुन्हा. ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवा, सोल्डरची धग त्यांना सोसत नाही. या सर्किटचं धन टोक ग्राउंडला असतं, त्यामुळे बाकीच्या पेडलांच्या अ‍ॅडॅप्टरवर हा लावू नका, बॅटरीच वापरा. आणि गिटारची वायर थेट यातच घाला, मध्ये बफर (सिग्नल सावरणारं सर्किट) असलेला दुसरा पेडल नको, नाहीतर गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज जसा स्वच्छ होतो तसा होणार नाही. टेबलावर दोन पेडल उघडे ठेवलेत, मीटरही आहे, या आणि स्वतः मोजा.