आजीचं घर, तळावली

(पहाट. माडांच्या शेंड्यांवर दोन मनोरे.)

गोवा वेल्हापासून आत वळलं की गाव लागतं एवढंसं, आणि समोर हे एवढं मोठं चर्च. सांतान. सेंट ॲन, म्हणजे मेरीची आई, येशूची आजी.

गावात सांगतात, डोंगरावरून एक म्हातारी उतरली. डोक्यावर टोपी, हातात काठी. म्हणाली, मला इथं घर हवं.

आज दिसतं ते घर १६९५ मध्ये पुरं झालं. काम काढलं फ्रान्सिस्को द रेगो या पाद्रींनी, तडीला नेलं आंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्या यांनी. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियनांच्या, म्हणजे त्या पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या, चर्चचा आता ४६ मीटरचा अर्धा मनोरा उरलाय. त्याची दर्शनी भिंत १९३१ मध्ये कोसळली. ती कशी होती याचा अंदाज जाणकार सांतानवरूनच बांधतात.

(कोनाडा, अगदी जवळून.)

आता हा शिंपला पाहा. कोरलेला वाटतो ना? आत जांभा आहे. जांभा सच्छिद्र, त्यात बारीक नक्षी निघत नाही. म्हणून वर चुन्याचा गिलावा, आणि तो ओला आहे तोवर हातानं, थापीनं उठवलेली नक्षी. किनाऱ्यावर चुना शिंपले भाजूनही करत. म्हणजे शिंपल्याचा चुना, चुन्याचा पुन्हा शिंपला! बारोक ही नक्षीदार शैली युरोपातून आली असेल, बोटं इथली.

(भिंतीतली अरुंद वाट.)

भिंती पोकळ आहेत. कुमसाराला, म्हणजे पाद्रींपुढं पापं सांगायला, जाणारा माणूस कुणाला दिसू नये म्हणून ही आतली वाट.

(पाऊस.)

चुन्याच्या भिंतीत शिरलेलं पाणी त्याचं तेच वाळतं. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते. गोव्यातल्या कितीतरी जुन्या भिंतींवर ते थापलं गेलंय.

(फेस्ताची गर्दी.)

जुलैअखेर तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त, चर्चचा वार्षिक सण. लग्न ठरत नसलेला मुलगा चमचा आणतो, मुलगी उडीद आणते, मूल हवं असलेलं जोडपं तवसं. का, तर पोर्तुगीजमध्ये यमक जुळतं: कुल्येर चमचा, मुल्येर बायको, उडदाला मारीद, म्हणजे नवरा, पेपीन तवसं, मेनीन बाळ. आजीशी बोलायचं तर असंच बोलावं. हिंदूही येतात.

(तवशांची रास. नैसर्गिक आवाज.)