लोहचुंबकाच्या चाकातून फुकटची वीज मिळेल का?

नमस्कार, श्रोतेहो.

मोबाइलवर फिरणारा एक व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. लाकडी पाटावर एक चाक, त्याच्या कडेला ओळीने चिकटवलेले मॅग्नेट आणि माणसाच्या हातात आणखी एक मॅग्नेट. तो जवळ नेला की चाक गरगर फिरू लागतं, शेजारचा बल्ब पेटतो. खाली लिहिलेलं असतं, वीजबिल कायमचं बंद! मग घरोघरी तोच प्रश्न निघतो: हे खरंच होतं का?

उत्तर आधीच सांगतो. होत नाही. नुसत्या कायम चुंबकांवर चालणारी आणि सतत वीज देणारी मोटर आजवर कोणी बनवलेली नाही, ती बनणारही नाही. पण एवढंच बोलून थांबलो, तर विचारणाऱ्यावर अन्याय होईल. तो अडाणी नसतो. फ्रिजच्या दाराला लावलेला मॅग्नेट वर्षानुवर्षं चिकटून राहतो, त्याला सेल लागत नाही की डिझेल लागत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. जी वस्तू न थकता ओढते, तिच्याकडून काम का करून घेऊ नये, असं त्याला वाटलं तर त्यात चूक काय?

खोच अशी आहे की ओढून धरणं निराळं आणि काम करणं निराळं. फ्रिजवरचा मॅग्नेट जागचा हलत नाही. बल आहे, पण सरकणं नाही, म्हणून ऊर्जेचा खर्चही नाही. वस्तू सरकू लागली की हिशेब सुरू होतो. सायकलवर लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना पायडल मारावं लागत नाही. पण पुन्हा तसंच उतरायचं असेल, तर आधी तो घाट चढावा लागतो, आणि उतरताना जे मिळालं ते सगळं चढताना परत द्यावं लागतं. चुंबकाच्या क्षेत्रातही हेच घडतं. लोखंडाचा तुकडा चुंबकाकडे धावतो तेव्हा ऊर्जा मिळते, आणि त्याला तिथून सोडवून मूळ जागी आणताना निदान तेवढीच मोजावी लागते. चाक म्हणजे दर फेरीला मूळ जागी परत येणं. एका फेरीची बेरीज शून्य, त्यातून बेअरिंगचं आणि हवेचं घर्षण वजा.

ज्याने असं चाक स्वतः केलं आहे, त्याच्या बोटांना ती जागा ठाऊक असते. चाक हाताने अगदी सावकाश फिरवून पाहा. मॅग्नेट समोरासमोर येऊ लागले की चाक आपणहून पुढे धावतं, बोटातून निसटतं. वाटतं, जमलं! आणि मग एका ठिकाणी ते थबकतं, किंचित मागे येतं, पुढेमागे झोके घेत तिथेच बसतं. पुढे ढकलायला जोर लावावा लागतो. मॅग्नेट तिरके लावा, अंतर कमीजास्त करा, मध्ये लोखंडी पत्र्याचा आडोसा घाला. ती अडणारी जागा सरकते, दोनाच्या चार होतात, पण नाहीशी होत नाही. आडोसा आत-बाहेर करायलाही जोर लागतो, आणि तो जोर त्याच हिशेबात धरावा लागतो.

यावर काही जण म्हणतात, ठीक आहे, चुंबकातच भरलेली शक्ती आहे, ती हळूहळू काढून वापरू. तोही हिशेब करू. आज बाजारात मिळणारा सर्वांत जोरकस कायम चुंबक म्हणजे निओडिमियमचा. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत तो जवळपास एकाच वेळी तयार झाला. एक किलो निओडिमियम मॅग्नेटच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा हात सैल सोडून मोजली तरी 100 ज्यूलच्या आसपासच राहते. विजेचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. म्हणजे किलोभर मॅग्नेट पार निकामी करून सगळी ऊर्जा काढली, तरी दहा वॅटचा बल्ब मिनिटभरही चालणार नाही. तेही एकदाच.

हे स्वप्न जुनं आहे आणि ते पाहणारी माणसं लहान नव्हती. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची हकिकत कोरलेली आहे, त्या भास्कराचार्यांनी 1150 साली सिद्धान्तशिरोमणीत पोकळ आऱ्यांमध्ये पारा भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचं वर्णन केलं आहे. 1269 साली इटलीतल्या लुचेराच्या वेढ्यात असताना पेत्रुस पेरेग्रिनुस या फ्रेंच विद्वानाने चुंबकाविषयी एक लांबलचक पत्र लिहिलं. चुंबकाच्या ध्रुवांचा त्यात केलेला विचार आजही थक्क करतो. त्याच पत्रात चुंबकाने अखंड फिरणाऱ्या चाकाचाही आराखडा आहे. त्या काळी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम, म्हणजे ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे कोणाला माहीत नव्हतं. तो नियम 1840च्या दशकात मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांच्या कामातून पक्का झाला. त्याच्याही आधी, 1775मध्ये, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने अखंड चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही, असं जाहीर करून टाकलं होतं.

अलीकडची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या स्टिऑर्न नावाच्या कंपनीने 2006मध्ये इकॉनॉमिस्ट साप्ताहिकात जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आव्हान दिलं: चुंबकांच्या साहाय्याने आम्ही फुकटची ऊर्जा मिळवतो, या आणि तपासा. जुलै 2007मध्ये लंडनमध्ये जाहीर प्रात्यक्षिक ठरलं. यंत्र चाललं नाही. दिव्यांच्या उष्णतेने बिघाड झाला, असं कारण दिलं गेलं. तपासणीसाठी 22 जणांचं मंडळ नेमलं होतं, त्याने 2009मध्ये एकमताने निकाल दिला की, ऊर्जा निर्माण होते हे कंपनी दाखवू शकलेली नाही. पुढे काही वर्षांनी कंपनी गुंडाळली गेली. गुंतवणूकदारांचे कोट्यवधी युरो त्यात गेले होते. मला वाईट वाटतं ते या पैसे लावणाऱ्यांचं.

कोणी म्हणेल, अमेरिकेत तर चुंबकी मोटरला पेटंट मिळालं आहे. मिळालं आहे, हॉवर्ड जॉन्सन यांना, 1979मध्ये. पण पेटंट म्हणजे यंत्र चालल्याचा दाखला नव्हे. त्यानंतर जोसेफ न्यूमन यांनी बॅटऱ्या, मोठं वेटोळं आणि फिरणारा चुंबक असं यंत्र केलं, पेटंट नाकारलं म्हणून ते कोर्टात गेले. 1986मध्ये तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने ते यंत्र मोजलं, तेव्हा प्रत्येक चाचणीत बाहेर आलेली ऊर्जा आत गेलेल्या ऊर्जेपेक्षा कमीच भरली. आपल्याकडे 1970च्या पेटंट कायद्याच्या कलम 3मध्येच निसर्गाच्या प्रस्थापित नियमांच्या उघड विरुद्ध जाणारे दावे बाद ठरवले आहेत.

बरेचसे दावे लबाडीतून येत नाहीत, मोजमापाच्या घोटाळ्यातून येतात. झटक्याझटक्याने वाहणारा विद्युतप्रवाह साध्या मल्टिमीटरने नीट मोजला जात नाही. व्होल्ट आणि अँपिअर वेगवेगळे वाचून गुणाकार केला की नसलेली वीज कागदावर दिसू लागते. व्हिडिओत मात्र पाटाखाली लपवलेली बॅटरी किंवा बाहेरून हवेचा झोत सहज देता येतो. म्हणून असं यंत्र विकायला कोणी दारात आलं, तर एकच मागणी करा. यंत्र जास्तीची वीज देतंय ना? मग तिच्यातलीच थोडी यंत्राला परत जोडा, बॅटरी काढून आमच्या हातात द्या, आणि आमच्या घरातला पंखा आमच्यासमोर आठवडाभर चालवून दाखवा. आगाऊ रक्कम त्यानंतर.

चुंबकाचा खरा उपयोग याच्यापेक्षा साधा आणि फार मोठा आहे. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅट खातो. रोटरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागात, कायम चुंबक असलेला बीएलडीसी पंखा तेवढीच हवा सुमारे 30 वॅटमध्ये देतो. दिवसाला बारा तास धरले, तर महिन्याला एका पंख्यामागे सोळा युनिटं वाचतात. रोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार करायला लागणारी वीज इथे वाचते, कारण ते क्षेत्र चुंबकाकडे आयतंच आहे. बाकी काम करणारी वीज भिंतीतल्या सॉकेटमधूनच येते.

आता घरात एखाद्या मुलाने मॅग्नेटचं चाक केलं असेल, तर त्याला हसू नका आणि ते मोडायलाही सांगू नका. बारीक तांब्याच्या तारेचे काही शे वेढे देऊन एक वेटोळं करायला सांगा, ते चाकाजवळ बसवा, त्याला एक छोटा एलईडी जोडा. हाताने जोरात फिरवलं की एलईडी लुकलुकेल. मग दोनदा घड्याळ लावा: वेटोळ्याची टोकं मोकळी ठेवून चाक किती वेळ फिरतं, आणि टोकं एकमेकांना जोडल्यावर किती वेळ. जोर दोन्ही वेळा सारखाच द्यायचा. दोन्ही आकडे त्याला वहीत लिहू द्या, आणि दुसरा आकडा लहान का आला, हे त्याच्या विज्ञानाच्या बाईंना विचारू द्या.

नमस्कार.