कर्जाखाली दबल्यावर वकील कसा निवडावा

श्रोतेहो, नमस्कार. माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या दिवाणी शाखेत झाली. नादारीचे, म्हणजे कर्ज फेडता येत नाही म्हणून दिवाळखोर ठरवून घेण्याचे, अर्ज तिथं फार येत नसत. पण जो येई, तो माणूस आधीच खचलेला असे. बँकेच्या नोटिसा, क्रेडिट कार्डाची बिलं, हातउसन्याच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत कोंबलेलं. आणि वकील धरलेला असे तो बहुतेकदा 'सहा महिन्यांत मोकळं करतो' या एका शब्दावर.

असा शब्द देणाऱ्याकडून तिथल्या तिथं उठा. नादार ठरवायचं की नाही, हे न्यायालयाच्या हातात असतं. शिवाय वकिलाला जाहिरात करायला आणि निकालावर टक्केवारी ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. तेव्हा मोबाइलवर कर्जमुक्तीची जाहिरात दिसली, तर त्या माणसाकडे सनद आहे का, हे आधी विचारा.

मग कायद्याचं विचारा. मुंबई शहरात १९०९ चा नादारी कायदा चालतो आणि अर्ज उच्च न्यायालयात जातो. राज्यातल्या इतर जिल्ह्यांत १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, म्हणजे जिल्हा न्यायालय. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं नाव सगळ्यांच्या कानावर असतं, पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता. पर्सनल लोन थकलेल्या शिक्षकाला 'एनसीएलटीत', म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, 'जाऊ' म्हणणाऱ्या वकिलाचा या विषयाशी फारसा संबंध आलेला नसतो.

खरी पारख पहिल्या भेटीत होते. चांगला वकील पिशवीतले कागद टेबलावर काढायला लावतो, तारखेनुसार लावतो आणि मग अवघड प्रश्न विचारतो. गेल्या दोन वर्षांत घर, जमीन, दागिने बायकोच्या किंवा भावाच्या नावावर केलेत का? तुम्हाला जामीन कोण आहे? हे प्रश्न झोंबतात. पण अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतलं असं बक्षीसपत्र न्यायालय रद्द ठरवू शकतं. आणि तुम्ही मोकळे झालात तरी जामीनदार मोकळा होत नाही. मेहुण्यानं विश्वासानं सही केलेली असते, बँक उद्या त्याच्या दारात उभी राहते. हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगणारा वकील मला मोलाचा वाटतो. 'आधी फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर करून टाका' असा सल्ला देणारा तुम्हाला फौजदारीत अडकवेल.

काय सुटत नाही, हेही त्यानं सांगायला हवं: सरकारी देणं, पोटगी, फसवणूक करून घेतलेलं कर्ज. घर तारण असेल तर बँकेचा त्या घरावरचा हक्क नादारीनं जात नाही. एखादा वकील सगळं पाहून म्हणेल, 'तुम्हाला नादारीची गरज नाही, बँकेशी तडजोड करू, लोकअदालतीत मिटवू.' यात त्याची मोठी फी बुडते, तरी तो सांगतो. त्याचं ऐका.

वकीलपत्र वाचूनच सही करा. कोऱ्या कागदावर सही मुळीच नको. फीची पावती मागायला संकोचू नका. अर्ज दाखल झाला की सीएनआर क्रमांक, म्हणजे तुमच्या प्रकरणाचा न्यायालयातला ओळख क्रमांक, मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख तुमची तुम्हाला दिसते, कुणाच्या फोनची वाट पाहावी लागत नाही.

आणि फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता तिथं मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. जाताना नोटिसांची पिशवी मात्र सगळीच्या सगळी न्या, न उघडलेली पाकिटंसुद्धा.