ला फेरासीचं लेकरू

नैर्ऋत्य फ्रान्समधला दोर्दोन्य प्रांत. चुनखडीच्या कड्याखालची ही जागा म्हणजे ला फेरासी. वर कातळाचं छप्पर, खाली ऊन-पावसाला आडोसा. हजारो वर्षं इथे निअँडरथल माणसं, म्हणजे आपली आता नामशेष झालेली भावकी, येऊन राहत होती. चकमकीच्या दगडाचे छिलके काढायचे, त्यांना धार लावायची, त्या तासण्यांनी कातडी खरवडायची. हे दगड मातीच्या थराथरांतून निघाले.

१९०९ साली दोघे संशोधक इथे खणत होते : लुई कापितां आणि देनी पेरोनी. पेरोनी जवळच्याच लेझेझी गावचे शाळामास्तर. त्यांना पुरुषाचा जवळजवळ अख्खा सांगाडा सापडला. कवटीत मेंदूला जागा सुमारे १६४० घनसेंटीमीटर, म्हणजे आपल्या सरासरीहून जास्त. समोरचे दात पार झिजलेले. पुढच्याच वर्षी एका बाईचा सांगाडा मिळाला, मग लहान मुलांचे. काही तर जन्मालाही न आलेल्या किंवा नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे.

ही माणसं आपल्या मेलेल्यांना पुरत होती का? यावर शंभर वर्षं वाद चालला. जुन्या उत्खननांच्या नोंदी तोकड्या, आणि शंका घेणाऱ्यांचं म्हणणंही रास्त होतं : वाहून आलेल्या मातीखालीही हाडं गाडली जातात.

आता संग्रहालयातल्या खोक्यांकडे पाहा. १९७० आणि १९७३ साली इथे जेमतेम दोन वर्षांच्या एका मुलाची हाडं मिळाली होती. पुढे ती संग्रहालयात पडून राहिली. अनेक दशकांनी संशोधकांनी जुन्या वह्या वाचल्या, प्राण्यांच्या हाडांची खोकी पुन्हा चाळली, आणि त्यांत त्याच मुलाची आणखी हाडं निघाली. एवढ्या चिकाटीने कुणी एका लेकराला शोधावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

२०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डीएनए निअँडरथलचा. काळ सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे ही जमात संपत आली होती तेव्हाचा. हाडं विखुरलेली नाहीत, त्यांवर हिंस्र प्राण्यांच्या दातांच्या खुणा नाहीत. जुन्या थरात खड्डा खणून मूल त्यात ठेवलं होतं.

मातीचा थर ईशान्येकडे उतरतो. मूल पाण्यामातीबरोबर घरंगळत आलं असतं, तर त्या उतारानेच पडलं असतं. ते पूर्व-पश्चिम निजलेलं आहे. डोकं पूर्वेला, कमरेपेक्षा थोडं उंच.