२१३४ म्हणजे पुणे, हे राउटरला कोण सांगतं?

[पडद्यावर: जुन्या रॅकमधला राउटर, मागून निघालेल्या केबल्स]

समजा, मुंबईच्या ऑफिसात कुणी फोन उचलून २१३४ दाबलं आणि पुण्याच्या शाखेत घंटी वाजली. एसटीडीचं बिल नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस याचं भारी अप्रूप होतं. शाखा-शाखांमध्ये डेटासाठी फ्रेम रिलेची, म्हणजे डेटा छोट्या तुकड्यांत नेणाऱ्या सेवेची, लाईन असायचीच, तिच्यावरच आवाजही पाठवायचा. फ्रेम रिले फोरमने १९९७ साली त्यासाठी एफआरएफ.११ हा करार ठरवला. नेहमीच्या कॉलला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, जी.७२९ कोडेक, म्हणजे आवाज आकसवणारी पद्धत, तोच आवाज ८ किलोबिटमध्ये बसवतो.

मार्ग ठरवायचं काम मात्र माणसाचं. सिस्कोच्या राउटरवर त्यासाठी डायल-पिअर, म्हणजे कुठला नंबर कुठे पाठवायचा याचे नियम, लिहितात. पॉट्स (साध्या टेलिफोनचा) पिअर जवळच्या पोर्टकडे, म्हणजे फोनकडे किंवा ईपीएबीएक्सकडे (ऑफिसच्या अंतर्गत एक्स्चेंजकडे) बोट दाखवतो. व्हीओएफआर (फ्रेम रिलेवरच्या आवाजाचा) पिअर फ्रेम रिलेच्या लाईनकडे.

[पडद्यावर: मुंबईच्या राउटरचं कॉन्फिगरेशन]

‘डेस्टिनेशन-पॅटर्न २...’ हा दाबलेला नंबर जुळवायचा साचा, त्यातलं प्रत्येक टिंब म्हणजे कुठलाही एक आकडा. खाली ‘सेशन टार्गेट’, त्यात सिरीयल पोर्ट आणि १२० हा डीएलसीआय, म्हणजे फ्रेम रिलेच्या सर्किटचा आकडा. तो फक्त मुंबईच्या टोकाला लागू. पुण्याच्या टोकाला त्याच सर्किटचा आकडा वेगळा असू शकतो, त्यामुळे एकीकडचं कॉन्फिगरेशन दुसरीकडे तसंच चिकटवून चालत नाही.

खरी गंमत पुण्यात. व्हीओएफआर पिअर चारही आकडे पाठवतो. पुण्याचा पॉट्स पिअर मात्र पॅटर्नमध्ये स्पष्ट लिहिलेला आकडा गाळतो आणि टिंबांत बसलेले तेवढे पुढे देतो. म्हणजे ईपीएबीएक्सच्या हातात पडतं नुसतं १३४. एक्स्टेन्शन चार आकडी असेल, तर कॉल तिथेच अडकला! उपाय एका ओळीचा: ‘प्रिफिक्स २’, नाहीतर ‘फॉरवर्ड-डिजिट्स ऑल’. राउटरच्याच पोर्टला साधा फोन लावला असेल तर हा प्रश्नच नाही, त्याला फक्त घंटी हवी.

दुसरा घोळ त्याहून चिवट. त्याच राउटरवर कुणी ‘२..’ असाही पॅटर्न लिहिला, की तीन आकडे दाबताच राउटरला जुळणी सापडते आणि तो कॉल लावून मोकळा होतो. चौथ्या आकड्याची वाट कोण बघतो? म्हणून आधी कागदावर नंबरांची वाटणी करायची: पुण्याला २, नाशिकला ३, सगळे चार आकडी. लांबी नक्की नसेल तिथे शेवटी ‘टी’ लिहितात. मग शेवटच्या आकड्यानंतर राउटर साधारण १० सेकंद थांबतो. दाबणारा तोवर वैतागतो, पण हॅश दाबला की सुटका.

[पडद्यावर: मुंबई आणि पुण्याचे राउटर, मधली लाईन]

एक नियम मात्र राउटरबाहेरचा. पुण्याहून खासगी लाईनवर मुंबईत यायचं आणि तिथून सार्वजनिक टेलिफोनवर लोकल दरात उतरायचं, ही युक्ती परदेशी मॅन्युअलमध्ये राजरोस छापलेली असे. भारतात तेव्हा खासगी लीज्ड लाईनचं जाळं सार्वजनिक टेलिफोनला जोडायची मुभा नव्हती. त्यामुळे तसा पिअर तेव्हा इथे लिहायचाच नसे.

सगळं लिहून झालं, की ‘शो डायलप्लॅन नंबर २१३४’. कुठला पिअर जुळतो, ते राउटर स्वतःच सांगतो. फ्रेम रिले गेलं तरी डायल-पिअर राहिले. सेशन टार्गेटमध्ये डीएलसीआयच्या जागी आयपी पत्ता आला, इतकंच.